एकच स्वयंपाक, चार ताटं

नाशिकच्या आमच्या घरात चार माणसं, आणि चौघांच्या शरीराची मागणी वेगवेगळी. मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. यजमान सातपूर एमआयडीसीत पाळीने कामाला जाणारे, रक्तदाबाची गोळी घेणारे. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलगा कॉलेजात, कबड्डी खेळणारा. ओटा मात्र एक, कुकर एक, आणि सकाळी दोन डबे भरून मलाही नोकरीवर निघायचं असतं.

गेली काही वर्षं मी एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे जाते. माझं एचबीए१सी ६.१ आलं, आई आणि मामा दोघांनाही मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याआधी मला त्यांच्याकडे पाठवलं. सुरुवात माझ्या एकटीच्या रिपोर्टवरून झाली आणि हळूहळू सगळं घर त्यात आलं. ज्याचं त्याचं ताट वेगळं असावं, हे ऐकताना पैसेवाल्यांचं काम वाटतं. साध्या नोकरदार घरातही ते बसतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. जे शिकले ते इथे क्रमाने मांडते.

१. आधी शिक्षण विचारावं

आहाराचा सल्ला आज कुणीही देतं. जिममध्ये मिळतो, भिशीत मिळतो, मोबाइलवर तर न मागता मिळतो. त्यामुळे पहिल्या फोनवरच विचारून घ्यावं: आहारशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी कुठली, रुग्णालयात काम केलं आहे का, नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहात का. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही १९६३ सालापासूनची संस्था आहे आणि 'रजिस्टर्ड डाएटिशियन' होण्यासाठी तिची परीक्षा द्यावी लागते. आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी संसदेने २०२१मध्ये केलेल्या कायद्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. जाणकार माणूस त्यांची उत्तरं आनंदाने देतो.

दोन गोष्टी दिसल्या तर मी तिथून उठून येईन. एक, सल्ला देणारी व्यक्ती स्वतःच पावडरचे डबे विकते. दोन, चालू गोळ्या आणि जुने रिपोर्ट न विचारता ती थेट आहार सांगायला लागते.

२. पहिली भेट ऐकून घेण्याची असावी

पहिल्या भेटीत मॅडमनी मला छापील तक्ता दिला नाही. प्रश्न विचारले, तेही स्वयंपाकघरापासून सुरू करून. स्वयंपाक कोण करतं? पोळ्यांना बाई आहेत का? यजमानांची कुठली पाळी असते? ऑफिसात डबा कितीला उघडता? चारच्या चहासोबत काय असतं? रात्रीचं उरलेलं कोण संपवतं? पाळी गेली आहे का? झोप किती? दात दुखतात का? उपवास कुठले? मामांना मधुमेह कितव्या वर्षी झाला?

मग गृहपाठ दिला. कामाचे दिवस, एक रविवार आणि एक उपवास, असं सगळं वहीत लिहून आणायचं. वेळ, पदार्थ आणि माप, म्हणजे किती वाट्या, किती चमचे. पोळी केवढी, तेही. चव बघताना खाल्लेलं, मुलाच्या ताटातलं संपवलेलं, देवळातला प्रसाद, हळदीकुंकवाला मिळालेलं, काहीही सोडायचं नाही. "मला छान वही नको, खरी वही हवी," त्या म्हणाल्या. पुढचा सगळा सल्ला त्या वहीवर उभा राहिला. जाणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे: वही खरी लिहा. त्यात काही लपवलं, तर जो सल्ला मिळेल तो दुसऱ्याच कुणासाठी असेल.

३. वजनकाट्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवावी

माझं वजन पाहून कुणी मला जाड म्हटलं नसतं. मॅडमनी कमरेचा घेर मोजला तेव्हा तो ८० सेंटिमीटरच्या वर भरला. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. बीएमआयची रेषासुद्धा आपल्यासाठी अलीकडे ओढलेली आहे: २३च्या पुढे वजन जास्त, २५च्या पुढे लठ्ठपणा.

याचं कारण समजावताना त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम सांगितलं. पुण्याभोवतालच्या खेड्यांत १९९३पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास त्यांनी सुरू केला आणि वरून बारीक, आतून चरबी जास्त अशी भारतीय शरीराची ठेवण जगासमोर मांडली. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हे ऐकल्यावर मला माझा रिपोर्ट समजला. आईसुद्धा कधी जाड नव्हती.

४. ताटाआधी महिन्याची यादी पाहावी

दुसऱ्या भेटीला मॅडमनी वाण्याची यादी मागवली. घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपत होता. चार माणसांत भागलं की माणशी सव्वा लिटर, म्हणजे रोजचं जवळपास ३८ ग्रॅम. त्यात तूप आणि बाहेरचं खाणं धरलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची आहार मार्गदर्शिका २००० कॅलरींच्या दिवसासाठी सगळं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगते.

त्याच मार्गदर्शिकेत डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. चौघांचे महिन्याला साधारण दहा किलो होतात. आमच्या यादीत त्याच्या निम्मीही नव्हती. भाज्या माणशी ४०० ग्रॅम, म्हणजे घराला रोज दीड किलोच्या वर. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे. म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, आणि लोणचं, पापड, फरसाणही त्यातच धरायचं.

ताटात काय चाललंय ते रोज मोजत बसणं कुणालाच जमत नाही. यादी महिन्यातून एकदाच होते आणि ती खोटं बोलत नाही. तेव्हापासून आमचा बदल यादीतून सुरू होतो. तेल साडेतीन लिटर, डाळी-कडधान्यं दुप्पट, आणि फोडणीला बुधली न वापरता चमचा.

५. प्रथिनांचा हिशेब आपल्याच पदार्थांत मांडावा

निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन साठच्या आसपास, म्हणजे रोज ५० ग्रॅम. वहीवरून मॅडमनी माझी बेरीज केली. एका पोळीत तीनेक ग्रॅम, पातळ वरणाच्या वाटीत पाच, भाताच्या वाटीत तीन, चहांतल्या दुधाचे तीन-चार, पोहे आणि भाजी मिळून आणखी थोडे. सगळं धरून तिशीच्या आसपास. रोज वीस ग्रॅमची तूट, आणि पोट भरलेलं ते पोळी-भाताने. दुपारी चारला बिस्किटांकडे हात का जातो, त्याचं उत्तर या बेरजेत होतं.

ती तूट भरून काढायला बाहेरून काही आणावं लागलं नाही. पातळ वरणाच्या जागी घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, रात्री पिठलं, दोन्ही जेवणांत वाटीभर दही, चारच्या चहासोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. सकाळच्या पोह्यांच्या जागी आठवड्यातून काही दिवस मुगाचं धिरडं. प्रथिनं वाढवण्याआधी मात्र त्यांनी माझी क्रिएटिनिनची तपासणी पाहिली. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा बदल मनाने करू नये, हे त्यांनी बजावून सांगितलं, म्हणून मीही सांगते.

६. भात बंद झाला नाही, भाताची पाळी बदलली

साखर वाढली की घरचे सगळे आधी भात सोडायला सांगतात. मॅडमनी भात ठेवला आणि क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा वरण, त्यासोबत ज्वारीची भाकरी, आणि शेवटी अर्धी वाटी भात. भाज्यांचा चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की पुढच्या पिष्टमय पदार्थांची साखर रक्तात सावकाश उतरते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्नायू त्यातली काही वापरून टाकतात. या दोन्हींना पैसा लागत नाही.

भाकरीबद्दलही त्यांनी डोळे उघडे ठेवायला शिकवलं. ज्वारी, बाजरी, नागली ही आपली उत्तम धान्यं आहेत, तरी ती धान्यंच आहेत. दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर पिष्ट तेवढंच पोटात जातं. नागलीच्या सत्त्वाची पातळ पेज साखर लवकर वाढवते. त्याच पिठाची भाकरी उसळीसोबत सावकाश पचते. द्राक्षांच्या दिवसांत आमच्याकडे पेट्या येतात. तेव्हाही नियम साधा: छोटी वाटी, दिवसा, रात्रीच्या जेवणावर नाही.

७. उपवास आणि सण आधी ठरवून घ्यावेत

माझी चतुर्थी आणि एकादशी सुटणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यावर मॅडमनी उपवास मोडायला सांगितलं नाही, फराळ बदलला. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. आमच्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगराळ भागात वरई पिकते. तिची भगर थोडी, दाण्याची आमटी जास्त, सोबत दही आणि काकडी. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला तेराएक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून राजगिऱ्याची भाकरी. खिचडी कधीतरी, छोटी वाटी, तीही दह्यासोबत.

साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. उपाशीपोटी साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

होळीला पुरणपोळी मी खाते. त्या दिवशी भात नाही, कटाची आमटी आणि भाजी भरपूर. गणपतीत मोदक जेवणातच, जेवणानंतर वेगळे नाहीत. सण वर्षातून मोजके येतात. चारची बिस्किटं रोज असतात. बदल रोजच्या गोष्टींत केला की सणाला मन मोकळं राहतं.

८. घरातल्या प्रत्येकाचं ताट त्याच्या गरजेचं असावं

माझा आहार बदलल्यावर काही महिन्यांनी सासूबाईंचं वजन उतरू लागलं. "तू खात नाहीस, मग मी कशाला तूप घेऊ?" असं म्हणत त्यांनी प्रेमापोटी माझेच नियम धरले होते. दूध कमी, तूप बंद, रात्री नुसती कोशिंबीर. मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी सासूबाईंना पुढच्या भेटीला घेऊन यायला सांगितलं. डॉक्टरांकडून तपासण्या करून घेतल्या आणि समोर बसवून त्यांच्याशी बोलल्या. "आजी, सुनेला चरबी उतरवायची आहे. तुम्हाला ताकद राखायची आहे. तुमचं ताट तिच्यासारखं नको."

उतारवयात नकळत वजन घटतं तेव्हा त्याबरोबर स्नायूही जातात, आणि पडण्याचं भय वाढतं. सासूबाईंना थोडं थोडं, पण अधिक वेळा खायला सांगितलं. मऊ भातावर घट्ट वरण आणि तूप, दुधातली नागलीची खीर, दही, मऊ शिजवलेली मुगाची उसळ, तिळाची चटणी. नागलीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि खीर दातांना त्रास देत नाही. जी पातळ खीर मला नको, तीच त्यांना हवी. आहार माणसागणिक बदलतो, हे मला त्या दिवशी पुरतं उमगलं.

मग यजमानांची पाळी आली. दुसऱ्या पाळीहून ते रात्री उशिरा येत आणि पूर्ण जेवत. आता मुख्य जेवण कंपनीतल्या सुट्टीत डब्यातून, घरी आल्यावर फक्त ताक किंवा वाटीभर मूगडाळीचं कढण. रक्तदाबासाठी पापड, लोणचं आणि फरसाण ताटातून बाजूला. ते अंडी आणि मासे खातात, म्हणून त्यांची प्रथिनं सहज भरली.

मुलाला जिममधल्या मित्रांनी पावडर घ्यायला सांगितलं होतं. मॅडमनी त्याला त्याचं दिवसभराचं खाणं स्वतःच मोजायला लावलं. अंडी, दूध, उसळ, शेंगदाणे, वरण धरून त्याची गरज घरीच भागत होती. पावडरला लागणाऱ्या पैशांतून आता केळी, अंडी आणि जादा दूध येतं. त्याच्या ताटात पोळ्या आणि भात माझ्याहून दुप्पट, आणि ते योग्यच आहे.

कुकरमध्ये वरण एकच शिजतं. सासूबाईंसाठी तूप घालून, माझ्यासाठी घट्ट, ह्यांच्यासाठी मीठ घालण्याआधी काढून ठेवलेलं, मुलासाठी भातासकट. कष्ट फारसे वाढले नाहीत. वाढप बदललं.

९. रिपोर्टची वेळ आणि अर्थ समजून घ्यावा

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांचा हिशेब सांगतं. पंधरा दिवस पथ्य करून तपासणी करण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी करावी, मग बोलावं. माझं बी-१२ कमी निघालं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं आणि बऱ्याचदा अपुरं पडतं. मॅडमनी ते आहारातून भरून काढायचा आग्रह धरला नाही, डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी गोळी दिली. आपलं काम कुठे संपतं हे ज्याला कळतं, त्याच्यावर विश्वास ठेवावा. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळायला आणि जेवणाला लागून चहा न घ्यायला सांगितलं, कारण चहाने लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो.

काही महिने काटा हललाच नाही, तेव्हा त्यांनी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाची माहिती दिली. इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचे निष्कर्ष २००६मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत आहार आणि चालण्याच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, तेही वजन फारसं न उतरता. म्हणून काटा थांबला तरी पथ्य थांबवू नये.

१०. बरं वाटू लागलं तरी भेट चालू ठेवावी

सुरुवातीला दर पंधरवड्याला, मग महिन्याने, आता तीन-चार महिन्यांनी मी जाते. परवडण्याचा प्रश्न खरा आहे. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, तिथे चौकशी करावी. एकदा आहार बसला की वर्षातून थोड्या भेटीही पुरतात. पण त्या असाव्यात, कारण आयुष्य एका जागी थांबत नाही. माझी पाळी गेली, यजमानांची पाळी बदलली, सासूबाईंना डेंग्यू होऊन गेला, मुलगा परीक्षेसाठी रात्री जागू लागला. दर वेळी ताट थोडं बदलावं लागलं. जुनाच कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला असता तर तो केव्हाच निरुपयोगी झाला असता.

माझं एचबीए१सी आता ५.७च्या आसपास असतं, आजारपणानंतर एकदा ५.९ झालं आणि पुन्हा खाली आलं. आईच्या घराण्यातून आलेला धोका संपलेला नाही, तो संपणारही नाही. तो लांबवता येतो, आणि लांबवलेलं प्रत्येक वर्ष डोळ्यांसाठी, पायांसाठी, मूत्रपिंडांसाठी मिळालेलं वर्ष असतं. त्यासाठी मला परकं काही खावं लागलं नाही. ज्वारी, मटकी, दही, शेंगदाणे, पालेभाजी घरात होतीच. कुणाला, किती आणि केव्हा, हे आमच्या घराकडे पाहून सांगणारं जाणतं माणूस हवं होतं. तुमच्या घरात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा उतारवयातली अशक्तता असेल, तर असं माणूस शोधा, खरी वही घेऊन जा, आणि शक्य झालं तर घरातल्या सगळ्यांना एकदा तरी सोबत न्या.